वाट पाहण्याची जबाबदारी



आजच्या व्याख्यानाचा विषय कळवल्यावर संयोजकांपैकी एका ज्येष्ठांचा मला फोन आला. "मॅडम, हे महिला मंडळात बोलू या की सगळ्यांसमोर?" विचारण्यात संकोच होता, तशी काळजीही होती. मी म्हटले, सगळ्यांसमोर, आणि शक्य असेल तर पुरुषांनी पुढे बसावे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो बाईला; पण तपासणीला जायचे की नाही, रिपोर्ट आला तर पुढे काय, पैसे कुठून आणायचे, कामाचा खाडा कसा भरून काढायचा, हे आपल्याकडच्या बहुतेक घरांत ती एकटी ठरवत नाही. आज पुढच्या रांगा भरलेल्या दिसताहेत, त्याबद्दल आपले मनापासून आभार.

मला कॅन्सरवर बोलायचे नाही. कॅन्सरच्या बरेच अलीकडे जे घडते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते, त्यावर बोलायचे आहे. लॅबच्या रिपोर्टवर ते 'माइल्ड डिस्प्लेसिया', 'सीआयएन १' किंवा 'एलएसआयएल' असे लिहून येते. गर्भाशयमुखाच्या पेशींतील सौम्य कर्करोगपूर्व बदल. हा कागद हातात पडला की घरात काय होते, ते मी टेबलाच्या माझ्या बाजूने गेली अनेक वर्षे पाहते आहे. बाई गप्प असते. बोलते ती सासू किंवा मोठी जाऊ, कधी नवरा. "मॅडम, पिशवीच काढून टाका. दोन पोरं झालीत, आता काय करायची ती? डोक्याला ताप नको." दुसरे घर असे, की 'सौम्य' एवढे कानावर पडताच कागदाची घडी होते, तो रेशनकार्डाच्या पिशवीत जातो आणि पुन्हा बाहेर येत नाही. पहिल्या घरात नको तेवढी भीती, दुसऱ्या घरात नको तेवढी बेफिकिरी. या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे: थांबायचे, पण लक्ष ठेवून थांबायचे. ती वाट आपल्या आरोग्यव्यवस्थेने अजून नीट बांधलेली नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच, की डॉक्टरने बाईला "सध्या थांबू या" असे सांगितले, की त्या क्षणापासून तिला परत बोलावण्याची जबाबदारी डॉक्टरची आणि दवाखान्याची होते.

आधी हे बदल होतात कुठे ते पाहू. गर्भाशयमुख म्हणजे पिशवीचे तोंड. त्याच्या बाहेरच्या अंगाला चपट्या पेशींचे अनेक थर असतात, आतल्या नळीत उभट पेशींचा एकच थर. हे दोन्ही जिथे भेटतात तिथे वयात आल्यापासून पेशींचा फेरबदल चालू असतो. उभट पेशींची जागा चपट्या पेशी घेत जातात. कर्करोगपूर्व बदल जवळजवळ सगळे या अरुंद पट्ट्यातच सुरू होतात. तरुण स्त्रीत हा पट्टा बाहेरच्या अंगाला असतो, आणि उभट पेशींचा थर पातळ असल्याने तिथे लालसर दिसते. त्या लालीकडे बोट दाखवून "पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल" असे सांगितलेल्या कितीतरी मुली माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा तिथे जखम नसते, ती शरीराची त्या वयातील साधी रचना असते. केवळ डोळ्यांना दिसलेल्या लालीवरून एखाद्या पंचविशीतल्या मुलीला कॅन्सरची भीती घालणे हा अन्याय आहे, आणि तो आपल्या नाशिक जिल्ह्यात रोज होतो.

बदलांचे कारण एक विषाणू आहे, ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या कॅन्सरच्या गाठींत त्याचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार शोधून काढले आणि २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. हा विषाणू शारीरिक संबंधांतून येतो, आणि तो इतका सर्रास आढळतो की लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना कधी ना कधी त्याची लागण होऊन जाते. रिपोर्टवर एचपीव्ही पॉझिटिव्ह लिहिले म्हणून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा होत नाही. लागण वीस वर्षांपूर्वीची असू शकते, लग्नानंतरची असू शकते, नवऱ्याकडून आलेली असू शकते. ती कधी आणि कुणाकडून आली हे कोणतीही चाचणी सांगत नाही. पुढच्या रांगेतील भावांनी निदान एवढे आज घरी घेऊन जावे.

शिरल्यावर विषाणू काय करतो? तो सर्वांत खालच्या थरातील पेशीत बसतो. ती पेशी वाढत वाढत वर सरकते, आणि तिच्याबरोबर वर येताना तो आपल्या प्रती काढत जातो. ही वरच्या थरातली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखी असते. केंद्रकाभोवती एक स्वच्छ, रिकामे कडे दिसते, आणि मधले केंद्रक आपल्या पिंपळगावच्या बेदाण्यासारखे गडद आणि सुरकुतलेले. एकदा पाहिले की ते विसरत नाही. अशा पेशी दिसल्या, खालच्या थरांची घडी थोडी विस्कटली, पण तेही एकूण जाडीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापुरतेच असले, तर पॅथॉलॉजिस्ट 'सीआयएन १' लिहितात. विस्कटलेपण दोन तृतीयांश जाडीपर्यंत चढले तर सीआयएन २, त्याहून वर चढून पुरी जाडी व्यापत गेले तर सीआयएन ३. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट राल्फ रिचर्ट यांनी १९६० च्या दशकात ही मांडणी केली.

या १-२-३ मुळे आपली मोठी दिशाभूल झाली. ऐकणाऱ्याला वाटते, एकानंतर दोन, दोनानंतर तीन, आणि मग कॅन्सर ठरलेलाच. तसे घडत नाही. सीआयएन १ मध्ये विषाणू आपल्या नेहमीच्या पद्धतीने फक्त वाढत असतो. पेशीच्या मूळ जनुकांना त्याने अजून वेठीला धरलेले नसते. म्हणजे सौम्य बदल ही त्या लागणीची डोळ्यांना दिसणारी खूण आहे, आणि लागण गेली की ती खूणही जाते. खरी कर्करोगपूर्व अवस्था म्हणावी ती सीआयएन ३. तिथे विषाणूची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने पेशीला आवर घालणाऱ्या यंत्रणा निकामी करत असतात. आणि सीआयएन ३ कित्येकदा सौम्य अवस्थेत फारसा न रेंगाळताच तयार होतो.

सौम्य बदलांचे पुढे काय होते, याचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा हिशोब १९९३ चा आहे. ऑस्ट्रेलियातील पॅथॉलॉजिस्ट अँड्र्यू ऑस्टोर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले. सीआयएन १ असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५७ जणींचे बदल आपोआप गेले, ३२ जणींचे तसेच राहिले, ११ जणींचे सीआयएन ३ पर्यंत वाढले आणि कॅन्सरपर्यंत गेले ते एकीचे. त्याच हिशोबात सीआयएन २ चे ४३ टक्के आणि सीआयएन ३ चेही ३२ टक्के मागे फिरले. मात्र उपचार न केलेल्या सीआयएन ३ मध्ये बारा टक्क्यांहून जास्त जणींना कॅन्सर झाला. वय कमी असेल तर चित्र आणखी चांगले. कॅलिफोर्नियात १३ ते २२ वर्षांच्या मुलींवर झालेला, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: सौम्य बदल असलेल्यांपैकी ६१ टक्के मुलींचे बदल एका वर्षात आणि ९१ टक्के मुलींचे तीन वर्षांत नाहीसे झाले, कोणत्याही औषधाशिवाय. शरीराची प्रतिकारशक्ती हे काम गुपचूप करते.

कुणाच्या बाबतीत ती कमी पडते, हेही माहीत आहे. लागण १६ क्रमांकाच्या विषाणूची असेल, ती वर्षानुवर्षे टिकून राहिली असेल, वय तिशीच्या पुढे गेले असेल, विडी-सिगारेटचे व्यसन असेल, तर धोका वाढतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला हा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांच्या सहापट असते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना तिची तपासणी तिसाव्याऐवजी पंचविसाव्या वर्षापासून सुरू करायला सांगते. तरीही लागणीपासून कॅन्सरपर्यंतचा काळ साधारणपणे दहा-वीस वर्षांचा. शत्रू इतकी मुदत देतो असे आजार फार थोडे आहेत. ही मुदत हातात असताना भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने गेल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

आणखी एक गोष्ट रुग्णांना क्वचितच सांगितली जाते. सीआयएन १ हे निदान पक्के नसते. अमेरिकेत एका मोठ्या चाचणीतील बायोप्सी तज्ज्ञांच्या समितीने पुन्हा तपासल्या, तेव्हा आधी सीआयएन १ म्हटलेल्यांपैकी ४३ टक्क्यांवरच एकमत झाले. जवळपास तेवढ्याच नमुन्यांत काही बदलच नसल्याचे समितीने म्हटले. यात कुणाची लबाडी नाही. सौम्य बदल आणि साधी सूज यांच्यातली रेषाच पुसट आहे. अशा रेषेच्या भरवशावर एखादीची पिशवी काढायची का, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने विचारला पाहिजे.

हे सगळे आपल्याला कळले कसे? बदलांचे पुढे काय होते हे पाहायचे तर उपचार न करता थांबावे लागते, आणि थांबायला लागतात स्त्रिया. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६६ पासून डॉ. हर्बर्ट ग्रीन यांनी तीव्र बदल असलेल्या अनेक स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसते निरीक्षणाखाली ठेवले. त्या स्त्रियांना हे ठाऊक नव्हते. १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोघींनी एका मासिकातून ते उघडकीला आणले आणि पुढच्या वर्षी न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांचा चौकशी अहवाल आला. त्या नोंदींचा पुढे झालेला हिशोब सांगतो, की ज्यांना पुरेसे उपचार मिळाले नाहीत त्यांच्यापैकी ३१ टक्के स्त्रियांना तीस वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांना मिळाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्काही भरले नाही. आपल्याकडे दिल्लीत १९७६ ते १९८८ या काळात, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रकल्पात, निरनिराळ्या टप्प्यांवरचे बदल असलेल्या अकराशेहून अधिक स्त्रियांवर असेच लक्ष ठेवले गेले. काहींचे बदल कॅन्सरपर्यंत गेले. लेखी संमती घेतलेली नव्हती, हे १९९७ मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आले आणि गदारोळ झाला. परिषदेने २००० मध्ये संशोधनाच्या नीतीची नवी तत्त्वे प्रसिद्ध केली. सौम्य बदल बहुधा जातात आणि तीव्र बदल सोडून देता येत नाहीत, हे आज आपण इतक्या खात्रीने बोलतो, त्यामागे या स्त्रिया आहेत. थांबणे आणि सोडून देणे यांतला फरक त्यांच्या शरीरांवर शिकलेला आहे, आणि तो पुन्हा तसाच शिकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता महाराष्ट्रात येऊ, कारण या विषयातले जगाने मान्य केलेले काम आपल्या मराठी मुलखात झाले आहे आणि आपल्यालाच ते माहीत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तिथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी यांनी ती उभी केली. नोंदणीचे कार्यकर्ते रुग्णालयात बसून राहिले नाहीत. ते गावोगाव गेले, पारावर बसले, बायकांशी बोलले, अंगावरून जाते का, मध्येच रक्त दिसते का, हे विचारत राहिले. त्यामुळे स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या.

या पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक मोठा प्रयोग सुरू झाला. टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक निरोगी स्त्रिया. एका गटाला एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्याला पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी, तिसऱ्याला ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, म्हणजे 'व्हिया', आणि चौथ्याला फक्त माहिती. पहिल्या तीन गटांत प्रत्येकीची तपासणी एकदाच. आठ वर्षांनी मोजले तेव्हा माहितीच्या गटात या कॅन्सरने ६४ स्त्रिया गेल्या होत्या, व्हियाच्या गटात ५६, पॅपच्या गटात ५४ आणि एचपीव्हीच्या गटात ३४. एचपीव्ही चाचणी एकदाच करूनही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या तपासणीचे धोरण बदलण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. भूम-परांड्याकडच्या शेतकरी बायांनी दिलेल्या नमुन्यांवर आज परदेशातल्या स्त्रियांची तपासणी ठरते.

साधारण त्याच सुमारास, १९९८ मध्ये, मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी व्हियाचा प्रयोग सुरू केला. तपासणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या वस्तीतल्याच स्त्रिया. पण इथे तपासणी एकदा करून थांबली नाही; दर दोन वर्षांनी, एकूण चार फेऱ्या झाल्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हिया एकदाच केली तेव्हा उस्मानाबादेत मृत्यूंत ठोस फरक पडला नाही. तीच साधी तपासणी पुन्हा पुन्हा बोलावून केली तेव्हा मुंबईत पडला. दोन ठिकाणांत इतर फरक अनेक आहेत, हे मान्य. तरी मला यातून दिसते ते हेच, की साधन साधे असले तरी चालेल, बोलावणे चुकता कामा नये. दोन्ही प्रयोगांत तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी दिली गेली नव्हती. त्यावर पुढे कडक टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. तपासणीने जीव वाचतो हे ज्यांच्या मृत्यूंशी ताडून सिद्ध झाले, त्यांच्या गावांत तरी ती आज नियमित व्हायला हवी.

प्रत्यक्षात होते काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशात ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतली होती. एकीकडे अठ्ठ्याण्णव जणींकडे कुणी पाहिलेलेच नव्हते. आणि दुसरीकडे बीड. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचे उघड झाले. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, पाळीत काम होत नाही, मुकादम खाडा कापतो. आणि कुणीतरी सांगितलेले असते की काढली नाही तर कॅन्सर होईल. ज्या तक्रारींना काही दिवसांची औषधे आणि थोडी विश्रांती पुरली असती, त्यांच्यासाठी तिशीतल्या बायांची पोटे उघडली गेली.

सौम्य बदलांसाठी पिशवी काढणे हा उपचार नाही, हे मी इथे स्पष्ट सांगते. विषाणू नुसता पिशवीच्या तोंडाला नसतो, योनिमार्गातही असतो. पिशवी गेली तरी तो राहू शकतो. शस्त्रक्रियेबरोबर बीजकोशही काढले असतील तर हाडे आणि हृदय यांना अकाली वय चढते. तोंडाचा बाधित भाग तारेच्या वेटोळ्याने कापून काढण्याची लहान शस्त्रक्रिया तीव्र बदलांसाठी फार उपयोगी आहे. पण जिला अजून मूल हवे आहे तिच्यात ती विनाकारण आणि खोलवर केली, तर पुढच्या बाळंतपणात दिवस पुरे होण्याआधीच कळा येण्याचा धोका वाढतो. सौम्य बदलांना करायचे ते एवढेच: साधारण एका वर्षाने पुन्हा तपासणी, शक्य असेल तर एचपीव्हीची. ती निर्दोष आली तर आनंद. बदल तसेच राहिले तर आणखी पाहायचे. दोन वर्षे हलले नाहीत तर उपचाराचा विचार, वाढले तर उपचार. मात्र पॅपमध्ये तीव्र बदलांचा संशय होता आणि बायोप्सीत सौम्य आले, तर तिथे इतके निवांत राहता येत नाही. तिची कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पिशवीच्या तोंडाची तपासणी, लवकर आणि पुन्हा झाली पाहिजे.

"एका वर्षाने या" हे वाक्य गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात सोपे आहे. सुरगाण्याच्या बाईला ते कसे लागू होते, ते आता सांगते, आणि इथेच सिस्टरांची आठवण येते, ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत. त्यांनी सारी नोकरी पेठ-सुरगाण्याच्या बाजूला केली. भात कापून झाले की तिकडची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. विरळणी, काढणी, मग खरड छाटणी. शिमग्याला दोन दिवस घरी, आणि पुन्हा नागली-भाताच्या वेळी परत. बाईला जानेवारीत बोलावले, तर ती गावात नसते. तिचा मुक्काम कुठल्या बागेच्या कडेला आहे हे गावातही कुणाला नीट सांगता येत नाही, आणि फोन असतो तो नवऱ्याच्या खिशात.

सिस्टरांकडे एक आडवी, हिशोबाची वही असे. पानाच्या डाव्या बाजूला बाईचे नाव, पाडा, तपासणीत काय दिसले. आणि उजव्या बाजूला, मला तेव्हा विशेष वाटलेली, एक वेगळी नोंद: ही बाई कोणत्या महिन्यात घरी सापडते, ती कोणत्या मुकादमाबरोबर जाते, आणि निरोप कुणाकडे द्यायचा. निरोप नवऱ्याकडे न देता आईकडे द्यायचा असेल तर तसेही लिहिलेले. एका शिबिरात मी त्यांच्याबरोबर होते. तिथे एक बाई होत्या, चाळिशीच्या आतल्या, गावकीच्या गाडीतून आलेल्या बायकांच्या मागे बसलेल्या. मी ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावला, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल. एक मिनिट थांबलो. पिशवीच्या तोंडाच्या वरच्या बाजूला, त्या पट्ट्याला चिकटून, पांढरट डाग उमटला. फिकट, कडा तुटक, पाहता पाहता विरणारा. तीव्र बदलांचा डाग दाट, चुन्यासारखा घट्ट आणि टिकणारा असतो. हा तसा नव्हता. बायोप्सीत सीआयएन १ आले. बाईंनी एकच विचारले, "मग मी मरायची का?" सिस्टर म्हणाल्या, "नाही गं बाय. पण तू परत येशील, आणि नाही आलीस तर मी येईन." पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्या बाई आल्या, डाग नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हता.

प्रत्येक पाड्याला अशा सिस्टर मिळत नाहीत, म्हणून ज्या बाईचे परत येणे खरोखर अनिश्चित आहे, तिच्यासाठी दुसरा मार्ग मोकळा ठेवावा लागतो. चाचणी पॉझिटिव्ह आली आणि डाग पूर्ण दिसत असेल, तर त्याच भेटीत तो भाग उष्णतेने जाळून टाकायचा. हातात मावणारे उपकरण, सुमारे शंभर अंश तापमान, अर्ध्या मिनिटाच्या आसपासचे काम. बहुतेकींना भूलही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याचे मार्गदर्शन दिले. यात काही जणींच्या, आपोआप गेले असते अशा बदलांवरही उपचार होतो. मला तो सौदा मान्य आहे, पण एका अटीवर: हे बाईला तिच्या भाषेत सांगून, विचारून झाले पाहिजे. दिल्लीची पुनरावृत्ती उलट्या दिशेनेही नको.

साधने आता पुष्कळ सोपी झाली आहेत. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई स्वतः, आडोशाला जाऊन, स्वतःच्या हाताने घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मान्यता आहे. गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर, ज्यावर क्षयाची चाचणी होते, एचपीव्हीचीही होऊ लागली आहे. आणि लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक लशीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. एकच डोस पुरू शकतो याचा भक्कम पुरावा भारतातल्याच मुलींनी दिला: २००९ मध्ये सुरू झालेला लसीचा अभ्यास २०१० मध्ये सरकारी आदेशाने मध्येच थांबला, त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता, आणि दहा वर्षांनीही १६ व १८ क्रमांकाच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून त्यांचे संरक्षण सुमारे ९५ टक्के निघाले. त्या अभ्यासातही बार्शी आणि पुणे होते. लस मुख्यतः मुलींसाठी आहे; आज तिशी ओलांडलेल्या आयांना तपासणीच हवी.

आपल्या शहरात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, जिल्हा रुग्णालय आहे, संदर्भ सेवा रुग्णालय आहे. इथे बसलेल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे: तपासणीची शिबिरे किती झाली याबरोबर, सौम्य बदल सापडलेल्या किती जणी वर्षभराने परत तपासल्या गेल्या, हा आकडा दर तिमाहीला मागा. दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांना विनंती आहे: काढणीच्या दिवसांत आरोग्यसेविका बागेवर आली तर त्या बायांचा अर्धा दिवस भरून धरा. आणि आपणा सर्वांना: घरातील तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची तपासणी एकदा तरी झाली आहे का, हे या आठवड्यात विचारा. रिपोर्टवर सौम्य बदल आले, तर पिशवी काढण्याच्या कागदावर सही करण्याआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.